परदेशची शिक्षकी सोडताना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील पांढरपेशा वस्तीला पोटासाठी घराबाहेर जाण्याची सवय जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, तो रूळ कल्याणास पोहोचला, आणि तेव्हापासून घरातील कर्त्या माणसाने सकाळी निघावे व दिवेलागणीनंतर परतावे असा येथील शिरस्ताच पडत गेला. एक गाडी चुकली तर हा मनुष्य पुढच्या गाडीने जातो. नोकरी मात्र तो सहसा सोडीत नाही. अलीकडे ह्याच घरांतील काही मुलेमुली आगगाडीऐवजी विमानाने कामावर जाऊ लागली आहेत, आणि त्यांत एक लहानसा वर्ग शिक्षकांचा आहे. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवावी, बी. एड्. व्हावे, दोन-चार वर्षे एखाद्या खाजगी शाळेत अपुऱ्या पगारावर काढावीत आणि मग आखाती देशांतील एखाद्या शाळेत, थायलंडमध्ये किंवा मालदीवच्या एखाद्या बेटावर इंग्रजी शिकवावयास जावे, हा मार्ग आता कोणास नवलाचा वाटत नाही.

ह्यांपैकी पुष्कळजण सुखात असतात आणि त्यांच्याविषयी बोलण्याचे कारण नाही. परंतु काहींच्या घरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात एक फोन येतो. मुलाखत ज्या शाळेसाठी झाली ती शाळा ही नव्हेच. इंग्रजी शिकवावयाचे ठरले होते, हाती बालवर्ग दिला आहे. खोलीत दोघी राहतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात पाचजणी आहेत. पहिला पगार ‘पुढच्या महिन्याबरोबर’ मिळणार आहे. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी म्हणून कचेरीने मागून घेतला, तो अद्याप परत आलेला नाही. आणि हे सारे सांगून झाल्यावर एक प्रश्न येतो: परत येऊ का? इकडून बहुधा आईवडिलांचे उत्तर जाते ते असे: “एवढे वर्ष तरी काढ.”

हे उत्तर निष्ठुरपणाचे नसते. त्यामागे एजंटाला दिलेली रक्कम असते, ती उभी करण्यासाठी मोडलेली ठेव असते, निरोपाच्या दिवशी घरी जमलेली आप्तमंडळी असतात. शेजारी काय म्हणतील हा विचारही असतोच. मात्र तो जितका वाटतो तितका मोठा नसतो, कारण शेजाऱ्यांच्या घरीही स्वतःच्या काळज्या पुरेशा असतात. परंतु ह्या सर्वांपेक्षा खोल अशी एक समजूत त्यामागे आहे: घेतलेले काम अर्धवट टाकणे हा स्वभावाचा दोष आहे, आणि परदेशी जाऊन टिकून राहणे हा गुण आहे. ही समजूत कल्याणात रुजलेली असावी ह्यात आश्चर्य नाही. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणासच झाला.

आनंदीबाईंची कथा ह्या शहरांतील प्रत्येक शाळेत सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. १८८३ साली, अठरा वर्षांची ही मुलगी पती बरोबर नसताना कलकत्त्याहून आगबोटीने निघाली, अमेरिकेत पोहोचली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तेथील थंडी तिला सोसली नाही, आहार मानवला नाही, प्रकृती खालावत गेली; तरी तिने अभ्यास सोडला नाही. मुलांना कथा येथपर्यंत सांगतात. पुढचा भाग घाईने उरकला जातो. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम तिला देऊ करण्यात आले होते. ते हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यास क्षयाने तिचा अंत झाला.

तेव्हा आनंदीबाईंचे नाव घेऊन परदेशातील मुलीस ‘टिकून राहा’ असे सांगणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे त्या टिकून राहण्याची किंमत किती पडली. दुसरी, आणि ह्या प्रसंगी अधिक महत्त्वाची, ती ही की आनंदीबाईंनी जे सोसले ते स्वतः ठरवलेल्या कार्यासाठी सोसले. ज्या शाळेने दिलेला शब्द पाळला नाही, तिच्या चालकाचा वर्षभराचा खर्च वाचावा म्हणून सोसणे हे त्या जातीचे सोसणे नव्हे. दोन्हीला एकच नाव देण्यात आनंदीबाईंवरही अन्याय होतो आणि त्या शिक्षिकेवरही.

काम सोडणे हा अपराध आहे ही कल्पना मुळात कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. १८५९ साली हिंदुस्थान सरकारने तेरावा कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास अथवा मजुरास मालकाने मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, मॅजिस्ट्रेटने त्यास काम पुरे करण्याचा किंवा पैसे परत देण्याचा हुकूम करावा, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी, असा त्याचा आशय होता. मुंबई हे शहर तर त्याच्या कक्षेत आरंभापासूनच होते. हा कायदा १९२५ साली केलेल्या कायद्याने रद्द होईपर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, चालू राहिला. म्हणजे आगाऊ घेतलेली उचल आणि काम सोडण्याची मनाई ह्यांची गाठ कायद्यानेच मारलेली होती. आज ही उचल उलट दिशेने वाहते, कारण आता काम मागणाराच एजंटास पैसे देतो. पण गाठ मात्र मनात तशीच राहिली आहे.

समुद्रापलीकडच्या कामाची गोष्ट ह्याहून कठोर होती. ‘अॅग्रीमेंट’ ह्या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ हा शब्द झाला. ह्या गिरमिटावर अंगठा उठवून मॉरिशस, नाताळ, फिजी इत्यादी ठिकाणी गेलेल्या मजुरास मुदतीपूर्वी काम सोडता येत नसे. सोडल्यास तुरुंग ठरलेला. मॉरिशसमधील मराठी कुळांचे पूर्वज ह्याच मार्गाने कोकणपट्टीतून तेथे गेले. ह्या पद्धतीविरुद्ध ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे एके काळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित आणि इंग्रजी शिकवीत असत. सरकारी बहुमतापुढे त्यांचा ठराव पडला. पाच वर्षांनी, १९१७ साली, गिरमिटाची भरती बंद झाली. ते पाहावयास गोखले हयात नव्हते. त्यांच्या म्हणण्याचा रोख मजुरीच्या दरावर नव्हता. सोडून जाण्याची मोकळीक नसलेले काम माणसास हीन करते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

आजचा कायदा त्या बाजूचा आहे, हे पुष्कळ घरांस ठाऊक नसते. हिंदुस्थानात १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय कोणावर बळजबरीने लादीत नाही. मालकाला फार तर नुकसानभरपाई मागता येते. आणि भरपाईसुद्धा करारात लिहिलेल्या आकड्याएवढी मिळतेच असे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की तो आकडा ही वरची मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी तेवढेच मिळेल. येथील एजंट ‘दोन वर्षांच्या आत परत आलात तर दोन लाख भरावे लागतील’ असा कागद पुढे करतो, तेव्हा त्या कागदाकडे पाहून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पासपोर्टाची गोष्ट तर ह्याहून सरळ आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. तो शाळेच्या कपाटात कुलुपात ठेवण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस नाही.

परदेशांतील नियमही वाटतात तितके एकतर्फी राहिलेले नाहीत, मात्र ते एकसारखे नाहीत आणि वरचेवर बदलतात. संयुक्त अरब अमिरातींच्या २०२१ सालच्या कायद्यात, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला, परीक्षाकाळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. त्या काळात नोकरी सोडून मायदेशी परतणाऱ्याने १४ दिवसांची सूचना द्यावी, तेथेच दुसरीकडे जाणाऱ्याने महिन्याची द्यावी, आणि परीक्षाकाळानंतर करारात लिहिली असेल त्याप्रमाणे ३० ते ९० दिवसांची द्यावी असे आहे. नेमणुकीचा खर्च नोकराकडून वसूल करण्यास तो कायदा मालकाला बंदी करतो. कतारमध्ये २०२० च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची व पुढे दोन महिन्यांची सूचना पुरते. सौदी अरबस्तानात २०२५ पासून बेमुदत करारावरील मासिक पगारदाराने ३० दिवसांची सूचना दिली म्हणजे झाले. कुवेतमध्ये मात्र मासिक पगारदारास तीन महिने आधी कळवावे लागते, आणि १ जुलै २०२५ पासून खाजगी नोकरीतील परदेशी माणसाने देश सोडण्यापूर्वी मालकाच्या मान्यतेचा परवाना घेतला पाहिजे अशी अट तेथे आली. कतारने तीच अट २०१८ साली बहुतेकांपुरती उठवली होती. एक दार उघडते तेव्हा शेजारचे बंद होते, म्हणून सही करण्यापूर्वी त्या देशाचा त्या वर्षीचा नियम वाचलेला बरा.

थायलंडची तऱ्हा निराळी. तेथे राहण्याचा परवाना आणि कामाचा परवाना हे दोन्ही त्या एका शाळेशी बांधलेले असतात. नोकरी संपली की राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपतो. परवाना-कचेरीत जाऊन १,९०० बाथ भरल्यास सात दिवसांची मुदत मागता येते. ज्याला हे माहीत नाही तो राजीनामा देऊन सामान बांधावयास निवांत महिना घेतो आणि विमानतळावर दंडाला पात्र ठरतो. इंग्रजीच्या शिक्षकास तेथे आणखी एक अपमान गिळावा लागतो. जाहिरातीत ‘जन्मतः इंग्रजी बोलणारा’ हवा असतो. तो न मिळाल्यास किंवा महाग पडल्यास हिंदी शिक्षकास कमी पगारावर घेतात, आणि त्याला घेतल्याबद्दल त्याने उपकार मानावेत अशी अपेक्षा ठेवतात. ज्याने शेक्सपियर शिकून परीक्षा दिली त्याने वर्गात मुलांची नाके पुसावीत ह्यात कामाचा कमीपणा नाही, लहान मुलांस शिकवणे हे कठीण काम आहे. कमीपणा आहे तो एक सांगून दुसरे करावयास लावण्यात.

आता एका विचित्र गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीस जाणाऱ्या भारतीयांच्या संरक्षणाची व्यवस्था केली. नोंदणीकृत एजंटच भरती करू शकतो. तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर ह्यांहून अधिक मोबदला घेऊ शकत नाही. आखातातील व इतर काही देशांत, एकूण अठरा देशांत, जाणाऱ्या अल्पशिक्षिताचे कागद उत्प्रवास-संरक्षकाच्या कचेरीतून तपासून जातात. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही तपासणी लागत नाही. म्हणजे भिवंडीचा गवंडी मस्कतला निघाला तर त्याचा करार एक सरकारी डोळा तरी पाहतो; डोंबिवलीची बी. एड्. झालेली शिक्षिका निघाली तर कोणीच पाहत नाही. शिकलेला मनुष्य स्वतःचे रक्षण करील असे सरकारने गृहीत धरले. हे गृहीत खोटे आहे असे नव्हे. पण शिकलेला मनुष्य करार वाचतो तो इंग्रजी तपासण्यासाठी, अटी तपासण्यासाठी नव्हे. शिवाय फसलो हे कबूल करावयास गवंड्याला जितका संकोच वाटतो त्याच्या दसपट पदवीधराला वाटतो. तो दूतावासाकडे जात नाही, कारण दूतावास हे ‘त्या’ लोकांसाठी आहे अशी त्याची समजूत असते.

परदेशची विद्येची नोकरी मध्येच सोडून येणारा मराठी मनुष्य आजच निपजलेला नाही. ह्या बाबतीत धर्मानंद कोसंबी ह्यांचे चरित्र फार बोलके आहे. १८७६ साली गोव्यात साखवाळ येथे जन्मलेला हा मनुष्य बुद्धाचा शोध घेत १८९९ साली घराबाहेर पडला, नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश हिंडला आणि पाली भाषेचा मोठा जाणकार होऊन परतला. कलकत्त्यास त्याला पाली शिकवण्याचे काम मिळाले. ते सोडून त्याने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना ५० रुपये पत्करले, कारण त्याला महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांसाठी लिहावयाचे होते. हा पहिला राजीनामा. त्यात भांडण नव्हते; पगार मात्र कितीतरी कमी झाला.

दुसरा प्रसंग परदेशचा. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ह्या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम हेन्री क्लार्क वॉरेन हा विद्वान १८९९ साली अपुरे ठेवून वारला होता. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक जेम्स वुड्स ह्यांच्या खटपटीने १९१० साली कोसंबींस तेथे नेण्यात आले. तेथील प्राध्यापक लॅनमन हे मालेचे संपादक. काम पुढे गेले, आणि मग ग्रंथावर कोणाचे नाव कोणत्या नात्याने यावयाचे ह्यावरून दोघांत तंटा उपस्थित झाला. कोसंबींचे म्हणणे, श्रम ज्याचे श्रेय त्याचे. ते मान्य होईना, तेव्हा १९१२ च्या आरंभी हातातले काम तसेच ठेवून ते मायदेशी निघून आले.

त्या काळी अमेरिकेहून परत येणे म्हणजे काय ह्याची कल्पना करावी. आगबोटीचे आठवडे, पुन्हा तिकडे जाण्याची आशा जवळजवळ नाही, आणि ज्या विद्यापीठाच्या नावावर हिंदुस्थानात मान मिळावयाचा त्याच विद्यापीठाशी वाकडे. आजचा हिशेबी गृहस्थ म्हणाला असता, ग्रंथ छापून होईपर्यंत तरी दम धरावयाचा होता. परंतु पुढे काय घडले? पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी १९१२ ते १९१८ पाली शिकवली. चिंतामण वैजनाथ राजवाडे, पु. वि. बापट, ना. के. भागवत असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले; महाराष्ट्रातील पालीच्या अध्ययनाचा पाया त्या सहा वर्षांत घातला गेला. लॅनमनशी बिघडले तरी वुड्सशी स्नेह राहिला होता, आणि १९१८ साली हार्वर्डने कोसंबींस पुन्हा बोलावले. त्यानंतरही ते दोनदा गेले. अखेर १९५० साली हार्वर्डच्या प्राच्यमालेत तो ग्रंथ बाहेर पडला, वॉरेनच्या नावाबरोबर सुधारून संपादन करणारा म्हणून कोसंबींचे नाव घेऊन. स्वतः कोसंबी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामास निवर्तले होते. मध्यंतरी १९४० साली त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईस भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती, ती हार्वर्डच्या आवृत्तीची वाट न पाहता.

कोसंबी सोडून आले ते एका माणसाशी असलेला संबंध. कामाशी असलेला संबंध त्यांनी सोडला नाही, आणि तेथील सगळ्यांशी वैरही घेतले नाही. शिक्षकाच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण शाळा वाईट असली तरी वर्गातील मुले वाईट नसतात. मार्चमध्ये परीक्षा आणि फेब्रुवारीत शिक्षिका नाहीशी, ह्यात शिक्षा चालकाला होत नाही, मुलांस होते. आखातातील हिंदी अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, इतरांचे बहुधा सप्टेंबरमध्ये; सत्र संपेपर्यंतचे पाचसहा आठवडे निभावण्याजोगे असतील तर ते निभवावेत. पण हा विचार करावयाचा तो मुलांसाठी, आणि निभावण्याजोगे असेल तरच. जेथे पगार मिळत नाही, पासपोर्ट मिळत नाही, किंवा रात्री खोलीच्या दाराला आतून कडी लावण्याची सोय नाही, तेथे सत्राची गोष्ट कोणी बोलू नये.

सोडावयाचे ठरल्यावर क्रम फार महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच रागाच्या भरात उलटा होतो. प्रथम मुख्याध्यापकाशी भांडण, मग राजीनामा, मग पासपोर्टाची मागणी, आणि सर्वांत शेवटी तिकिटाचे पैसे आहेत की नाहीत ह्याची चौकशी, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो शेवटाकडून सुरू करावा. आधी परतीच्या तिकिटाची रक्कम स्वतःच्या हाती यावी. मग पासपोर्ट मागून घ्यावा, त्यासाठी बँकेच्या कामाचे निमित्त पुरते. मूळ पदवीपत्रे शाळेत दिली असतील तर तीही घ्यावीत; खरे म्हणजे ती देऊच नयेत, साक्षांकित नकलांवर भागते. तेथे बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती आधी फेडावी. आखातात बाकी रकमेपायी देश सोडण्यास मनाई होऊ शकते आणि ती विमानतळावर कळते. पगार बँकेतून जमा होत असल्यास महिन्यामहिन्याचा उतारा काढून ठेवावा. अमिरातींनी २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची जी पद्धत घातली तिचा उपयोग असा की न दिलेला पगारही कागदावर दिसतो.

हे झाले की राजीनामा. लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना जे राजीनाम्याचे पत्र लिहिले ते प्रदीर्घ होते, आणि ते तसे असणेच योग्य होते, कारण त्यांना संस्थेच्या ध्येयाविषयी इतिहासापुढे साक्ष ठेवावयाची होती. शाळेतील शिक्षिकेला इतिहासापुढे काही ठेवावयाचे नाही. अमुक तारखेपासून सूचना देत आहे, कराराच्या अमुक कलमाप्रमाणे अमुक तारखेस शेवटचा दिवस, हिशेब व अनुभवाचा दाखला द्यावा, एवढ्या तीन ओळी पुष्कळ झाल्या. गाऱ्हाणे त्यात लिहू नये. गाऱ्हाण्याचा कागद वेगळा आणि तो लागलाच तर मजूर-खात्यासाठी. राजीनामा ई-मेलने पाठवून त्याची प्रत घरी पाठवावी, म्हणजे ‘मिळालाच नाही’ असे म्हणता येत नाही. सूचना न देता रात्रीतून निघून जाण्याचा मोह अनेकांस होतो. अमिरातींत सलग सात दिवस गैरहजर राहिल्यास ‘काम टाकून गेला’ अशी नोंद होऊ शकते, आणि परीक्षाकाळात सूचनेवाचून गेल्यास वर्षभर तेथे कामाचा परवाना मिळत नाही. १४ दिवस कितीही कठीण असले तरी ते एका वर्षाहून थोडे आहेत. वर्षाहून अधिक सेवा झाली असेल तर तेथील कायद्याने दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी रक्कम निघताना मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. ती न घेता येणारे थोडे नाहीत.

आणि जेथे हे काहीच चालत नाही तेथे दूतावास आहे. परराष्ट्र खात्याने २०१५ साली ‘मदद’ नावाची तक्रारनोंदणी सुरू केली. तीत तक्रार येथील नातेवाइकासही करता येते, म्हणजे डोंबिवलीत बसलेल्या वडिलांस मुलीच्या शाळेविरुद्ध दाद मागता येते. २००९ सालापासून दूतावासांजवळ अडकलेल्या भारतीयांच्या मदतीसाठी कल्याणनिधी आहे. त्यातून तात्पुरता निवारा आणि गरजूस परतीचे तिकीट देता येते. तो निधी दूतावासाच्या सेवांवर बसवलेल्या लहानशा आकारातून जमतो. तेव्हा त्याचा उपयोग करणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ती शिक्षिका व तिच्यासारखे इतर ह्यांनीच तो भरलेला आहे.

एजंटाचा हिशेब येथे परतल्यावर करावयाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दावा चालतो, त्यामुळे एजंटाची कचेरी दिल्लीस असली तरी ठाण्यास तक्रार दाखल होऊ शकते. स्त्रीला तर उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. ह्या हक्काची माहिती सुशिक्षित घरांत सर्वांत कमी असते. ‘आपल्याला काय फुकटचा वकील शोभतो’ असे म्हणून तोच गृहस्थ एजंटाला बुडीत खात्यात टाकतो आणि मुलीला मात्र वर्ष काढावयास सांगतो.

राहिला प्रश्न परतून आल्यावर काय. परत आलेल्या शिक्षिकेकडे अनुभवाचा दाखला असला तर उत्तम, नसला तर नेमणुकीचे पत्र आणि पगाराचे उतारे मिळून पुष्कळसे काम भागते. मुलाखतीत ‘का सोडले’ असे विचारतील. करारातील विषय आणि प्रत्यक्षातील विषय वेगळे होते एवढे खरे उत्तर पुरेसे आहे. महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा साधारणपणे जूनच्या मध्यास उघडतात आणि खाजगी शाळांतील जागा एप्रिल-मे महिन्यांत भरल्या जातात. म्हणून परतण्याची तारीख ठरवताना ठाण्या-डोंबिवलीच्या शाळांचे हे वेळापत्रक घरच्यांनी पाहून ठेवावे. फेब्रुवारीच्या अखेरीस सूचना देऊन मार्चच्या शेवटी परतलेल्या शिक्षिकेचे अर्ज वेळेवर जातात. ‘वर्ष तरी काढ’ म्हणून ऑगस्टपर्यंत थांबवलेली शिक्षिका पुढच्या जूनपर्यंत घरी बसते. पदव्यांच्या नकला, कराराची प्रत आणि एका तिकिटाची रक्कम ती निघाली त्याच दिवशी घरच्या कपाटात वेगळी काढून ठेवली असेल, तर तो फोन येईल त्या संध्याकाळी हिशेबाला बसण्याची गरज पडत नाही.